डावीकडून दुसरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, ज्या अनघाच्या गाडीत बसून त्या दुपारी मी निघून गेले त्या अनघालाही नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नाही, असं बरीच वर्षं वाटत होतं — म्हणजे मी स्वतःला तसं पटवलं होतं. एका फोटोखाली दोन नावं इकडची तिकडे झाली. यात कबुली देण्यासारखं काय आहे? सांगते. पण जरा लांबून येऊ द्या मला. थेट मुद्द्यावर यायचं म्हटलं की अजूनही पाय मागे ओढतात.

मी मूळची सांगलीची. घरात माझं नाव शुभांगी, पण काका मला चौकशीबाई म्हणायचे. रस्त्यात दोन माणसं भांडताना दिसली की बाकीची मुलं पळायची, मी थांबून कारण विचारायचे. पाहुणे आले की त्यांचं मूळ गाव, आडनाव, ते कशावरून पडलं — सगळं विचारून झाल्याशिवाय चहा द्यायचे नाही. ‘नसत्या चौकशा’ हा शब्द मी माझ्या आईच्या तोंडून जितक्यांदा ऐकला तितक्यांदा माझं नावही ऐकलं नसेल.

या नसत्या चौकशांपायीच मी अमेरिकेत, ॲन आर्बरला आले. बरोबरचे सगळे कोडिंगवाले. मी मात्र जुने कागद, जुने फोटो कसे जपायचे, कसे नोंदवायचे ते शिकायला आलेली. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत एका काकूंनी विचारलं होतं, “म्हणजे एक्झॅक्टली काय करतेस गं तू? आणि जॉब मिळतो का त्यात?” मिळाला. काकूंना त्याहून मोठा धक्का बसला, कारण तो मिळाला खेळ आणि कृष्णवर्णीयांची संस्कृती या विषयांवर लिहिणाऱ्या एका वेबसाइटवर. ऑफिस डेट्रॉइटच्या बाजूला, एका दंतवैद्याच्या दवाखान्यावर. आम्ही पाच-सहा माणसं. साइटचं नाव मी इथे लिहीत नाही, का ते पुढे कळेल.

“पण तुला कसं काय घेतलं तिथे?” हा काकूंचा पुढचा प्रश्न. अगदी रास्त. मलाही तो पडला होता. संपादक डेनिस, पन्नाशी ओलांडलेली, चष्मा कायम केसांत खोचलेला. मुलाखतीत तिने माझ्यासमोर एक जुना फोटो ठेवला आणि म्हणाली, बोल. मला ना बास्केटबॉल कळत होतं ना त्या गावाचा इतिहास. मी नुसते प्रश्न विचारत सुटले. हा कोपऱ्यातला माणूस खेळाडूंकडे न बघता तिकडे का बघतोय? हिच्या एकटीच्याच पायात वेगळे बूट का? ही मागे उभी असलेली बाई कोण? डेनिस बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “यातला शेवटचा प्रश्न विचारायला मला माणूस हवा होता.”

ही बाई कोण? आमच्या साइटची सगळी अब्रू त्या एका प्रश्नावर उभी होती. डेनिस तरुणपणी एका वर्तमानपत्रात होती. तिथे गोऱ्या खेळाडूंच्या फोटोखाली नावं असायची, गावं असायची, आणि तिच्यासारख्यांच्या फोटोखाली नुसतं ‘विजयानंतर जल्लोष करताना खेळाडू’. तेव्हा तिने मनाशी ठरवलं होतं की आपलं काही सुरू केलं तर नाव नाही तर फोटो नाही. नियम साधा होता. फोटोतला प्रत्येक चेहरा त्या माणसाला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या कुणीतरी ओळखायचा. फोन करा, भेटा, चर्चमध्ये जाऊन बसा, पण माणूस शोधा. ज्याने ओळखलं त्याचं नाव सिस्टीममधल्या एका चौकटीत भरायचं. चौकटीचं नाव ‘साक्षीदार’. ती रिकामी असेल तर फोटो पुढेच जात नसे.

इंटरनेटवर हे वेडेपणाचं काम आहे. दुसऱ्या साइट्स तासात दहा गोष्टी टाकतात. चुकलं तर चुकलं, नंतर दुरुस्त करता येतं — छापील पेपर थोडाच आहे? आम्ही एका ओळीसाठी तीन दिवस घालवायचो. म्हणून वाचक कमी, पण जे होते ते फोटोखालची ओळ आधी वाचायचे. आपल्या आत्याचं नाव तिथे बरोबर लिहिलेलं पाहून लोक ऑफिसात केक आणून द्यायचे.

मला हे काम इतकं आवडायचं की काय सांगू! आमच्या शाळेतही संघांचे फोटो लागायचे, खाली टाईप केलेली नावं — बसलेले, डावीकडून, उभे, डावीकडून. खो-खोच्या संघात मी राखीव होते. एक दिवस मैदानात उतरले असेन तर शपथ. पण खाली नाव होतं. बाबा शाळेत कुणाला घेऊन आले की काचेवर बोट ठेवून म्हणायचे, “उभ्या, डावीकडून पाचवी. आमची.” त्या काचेवर त्यांच्या बोटाचा डाग पडला होता.

आता मिस वर्नेलबद्दल सांगायला हवं.

आमच्या ऑफिसपासून दोन तासांवर कारखान्यांचं एक गाव आहे. कारखाने गेले, शाळाही बंद झाली. त्या शाळेत मिस वर्नेल मुलींना धावायला शिकवायच्या — एक-दोन नव्हे, तीसेक वर्षं. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे होत्या. कॉम्प्युटरच्या वाटेला जायच्या नाहीत. मी पोस्टाने फोटोंच्या प्रती पाठवायचे आणि दर मंगळवारी सकाळी फोन करायचे. त्या भिंग घेऊन बसलेल्या असायच्या. त्यांनी चेहरा ओळखला आणि चुकला, असं कधी म्हणजे कधी झालं नाही. आणि नुसतं नाव सांगून थांबतील तर त्या मिस वर्नेल कसल्या! हिच्या टाचेला फोड यायचे पण बूट बदलायची नाही. ही शर्यतीआधी कुणाशी बोलायची नाही, नंतर गप्प बसायची नाही. हिचा बाप रात्रपाळीवरून थेट मैदानावर यायचा आणि बाकावर झोपायचा. मी वहीत सगळं उतरवून घ्यायचे. त्यांना माझ्या प्रश्नांचा कंटाळा येत नसे. माझ्या आयुष्यातलं पहिलं मोठं माणूस, ज्यांना माझ्या चौकशा नसत्या वाटल्या नाहीत.

एकदा त्यांनी खो-खोबद्दल विचारलं. मी समजावलं — पाठीवर थाप मारायची, ‘खो’ म्हणायचं, ती उठून पळणार. त्या खूष झाल्या. “म्हणजे रिले शर्यतच की! फक्त हातात दांडकं नाही.” त्या मला शुबी म्हणायच्या. मी मनात त्यांना मावशी म्हणायचे, तोंडाने मिस वर्नेल.

आणि मग तो शुक्रवार.

त्या जुन्या शाळेच्या मुलींचा मेळावा शनिवारी होता. आमचा लेख शुक्रवारी संध्याकाळी जायचा होता. दुपारी अडीचला मेळावा भरवणाऱ्यांकडून एक फोटो आला, आधी कधी न पाहिलेला. रिले संघाच्या चार मुली, सत्तरच्या दशकातल्या, मैदानाच्या कडेला. डावीकडून दुसरीच्या हातात बॅटन आणि ती अशी हसतेय, की लेखाला दुसरा कुठलाच फोटो चालला नसता. सोबत चार नावं होती — रूथ, ग्लोरिया, बेव्हर्ली, जून. नुसती यादी. कोण कुठे उभी, काही नाही.

मी मिस वर्नेलना फोन केला. उचलला नाही. शुक्रवारी दुपारी त्या पार्लरमध्ये केस करून घ्यायला जात, हे मला माहीत होतं. चारपर्यंत घरी येतात, हेही माहीत होतं. त्यांच्याकडे प्रत नव्हती, म्हणजे फोनवर एकेक चेहरा शब्दांत सांगावा लागला असता — रिबीन कुणाची, मान कुणाची उंच. पाऊण तास लागला असता. डेनिस मेळाव्यासाठी आधीच त्या गावाला गेली होती.

तेवढ्यात मंडळातल्या अनघाचा फोन. “अगं, किती वेळ? मी खाली नो पार्किंगमध्ये उभी आहे यार! हॉलची किल्ली आपल्याकडे आहे, लोक बाहेर ताटकळतील.” दुसऱ्या दिवशी मंडळाचा गणपती होता. आरास मी अंगावर घेतली होती.

म्हणजे मी गणपतीसाठी खोटं बोलले का? नाही. थर्माकोलच्या खांबांसाठी बोलले. पण तेही खरं नाही. तू किल्ली घेऊन पुढे हो, असं अनघाला सांगता आलं असतं. लेख सात वाजता जाऊ दे, असं डेनिसला कळवता आलं असतं. मी या दोघींचीही नावं इथे पुढे करतेय, ते बघा कसं आपोआप होतं.

खरं काय होतं? खरं हे की त्या क्षणी मला वाटलं, मला कळलंय. मिस वर्नेलनीच कधीतरी सांगितलं होतं की ग्लोरिया शेवटचा टप्पा धावायची आणि सतत हसायची. शेवटचा टप्पा धावणारीच्याच हातात बॅटन राहणार ना? आणि ही हसतेय. म्हणजे ग्लोरिया. जून आणि बेव्हर्ली आधीच्या फोटोंतून माहीत होत्या, राहिलेली रूथ तिच्या शेजारची. मला स्वतःचं कौतुक वाटलं. चौकशीबाईला न विचारता उत्तर सापडलं होतं.

साक्षीदाराच्या चौकटीत मी मिस वर्नेलचं नाव टाकलं. खाली सिस्टीम नेहमीसारखं विचारत होती — ही व्यक्ती चेहरे प्रत्यक्ष ओळखते का? मी ‘हो’ दाबलं. सोमवारी फोन करून खात्री करू, चुकलं असेल तर बदलू, असं म्हणत जिना उतरले. आरास छान झाली होती.

सोमवारी मी फोन केला नाही. मंगळवारी नेहमीचा फोन झाला, दुसऱ्याच फोटोंबद्दल. हा विषय मी काढला नाही. का? बरोबर असेल तर विचारायची गरज नाही, आणि चूक असेल तर — तर मला ते कळायला नको होतं. इतकी वर्षं जिला सगळं कळायला हवं होतं, तिला पहिल्यांदाच काहीतरी कळायला नको होतं. मला स्वतःचंच नवल वाटतं. हे असं नेमकं कुठे सुरू होतं माणसात?

दहा-बारा दिवसांनी पत्र आलं. रूथच्या मुलीचं. रागावलेलं नव्हतं, त्यामुळे जास्त लागलं. तिने लिहिलं होतं की आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. आईचे तीन-चार फोटो घरात आहेत, सगळ्यांत ती गंभीर. आई हसली की कशी दिसायची हे तिने या फोटोत आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ‘डावीकडून दुसरी माझी आई आहे. तिच्या खाली तुम्ही दुसऱ्या बाईचं नाव लिहिलं आहे. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.’

मी फोटो पुन्हा पाहिला. रूथचा जबडा रुंद, पुढच्या दातांत फट. ग्लोरिया तिच्याहून बोटभर उंच, चेहरा लांबट, हनुवटीवर तीळ. दोघी एकमेकींसारख्या अजिबात दिसत नव्हत्या. मी नीट बघितलंच नव्हतं. आमच्या इमारतीचा वॉचमन मला कायम हरिणी म्हणतो. हरिणी आमच्याकडे कॉम्प्युटर सांभाळायची, चेन्नईची, माझ्याहून वीतभर उंच आणि चष्मेवाली. हा किस्सा मी मंडळात किती रंगवून सांगायचे! लोक हसून हसून बेजार व्हायचे. त्या दिवसानंतर मी तो सांगितलेला नाही.

डेनिस पत्र वाचून खुर्चीत बसली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. तिने चौकट उघडली, नाव पाहिलं आणि मिस वर्नेलना फोन लावला. स्पीकरवर. मी समोर बसले होते, हातात पेन होतं, वही उघडी होती. आत्ता सांगता येईल — हे मला तेव्हा स्पष्ट कळत होतं. रिंग वाजत होती तोवर सांगता आलं असतं. त्यांनी हॅलो म्हटल्यावरही आलं असतं.

डेनिसने अगदी हळुवारपणे विचारलं. फोटोचं वर्णन केलं, नावं सांगितली. मग मिस वर्नेल म्हणाल्या, “या फोटोबद्दल बोलल्याचं मला आठवत नाही, बाळा. पण शुबीने लिहिलंय ना? मग मी म्हणाले असणार. ती पोर सगळं लिहून घेते.”

मी काही बोलले नाही.

“रूथला मी ओळखलं नाही,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “रूथला.”

तरीही मी काही बोलले नाही. वहीत बघत राहिले. त्या पानावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

दुरुस्तीची ओळ कुणी लिहिली माहीत आहे? मीच. फोटोंचं काम माझ्याकडे होतं. डेनिस म्हणाली, मिस वर्नेलना लागेल असं काही लिहू नकोस. मी तासभर शब्द निवडत बसले. ‘ओळख पटवणाऱ्या माजी प्रशिक्षकांच्या स्मरणातील गफलतीमुळे’ — असं काहीतरी इंग्रजीत, फार नाजूक, फार सभ्य. नाव घातलं नाही. पण त्या गावात मुलींना धावायला शिकवणारी माजी प्रशिक्षक दुसरी होती कोण? डेनिसने वाचून माझा खांदा थोपटला. छान लिहिलंस, म्हणाली.

त्यानंतरच्या मंगळवारी मिस वर्नेलनी सांगितलं की आता मला विचारू नका, माझा भरवसा राहिला नाही. त्यांच्या घरी फोटोंचे दोन मोठे खोके होते, माळ्यावरून काढून आपण एकेक बघू असं आमचं ठरलं होतं. ते राहिलं. नाव नाही तर फोटो नाही. त्या दोन खोक्यांतल्या मुली, ज्यांच्यासाठी ही साइट निघाली होती त्याच, माझ्यामुळे तशाच राहिल्या.

थंडी पडायला लागली तेव्हा एकदा त्यांचा फोन आला. मी बसस्टॉपवर उभी होते, बस दिसत नव्हती, वेळच वेळ होता. पडद्यावर त्यांचं नाव बघत राहिले, वाजून वाजून बंद होईपर्यंत. निरोप ठेवला होता त्यांनी — “शुबी, एक विचारायचं होतं. काही घाई नाही.” मी परत फोन केला नाही. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता नाताळ गेला, आणि मग इतके दिवस का केला नाही याचं कारण द्यावं लागलं असतं म्हणून केला नाही.

पुढे डेनिसकडून कळलं की त्यांच्या भाचीने गाडीची किल्ली काढून घेतली. मावशीला आता चेहरे आठवेनात, उद्या रस्ता आठवला नाही तर? भाचीचं काय चुकलं? कुणीही हेच केलं असतं. मिस वर्नेल दर वसंतात स्वतः गाडी चालवत शाळांच्या शर्यती बघायला जायच्या, गळ्यात जुनं घड्याळ अडकवून. ते बंद झालं. डेनिस हे सांगत होती तेव्हा मी डब्यातले पोहे खात होते. मी ते संपवले.

दोन हिवाळ्यांनी त्या गेल्या. चर्चमधल्या निरोपाला मी गेले होते, मागच्या बाकावर बसले. मुली — म्हणजे साठी-सत्तरीच्या बायका — एकामागून एक उठून बोलल्या. भाची म्हणाली की शेवटपर्यंत मावशी प्रत्येक शर्यतीची वेळ, कोण कुठल्या रांगेतून धावलं ते सगळं घडाघडा सांगायची. “फक्त चेहऱ्यांचाच तिला भरवसा वाटेना. डॉक्टरांनाही कळलं नाही का ते.”

मला कळत होतं. मी भाचीचे हात हातात घेतले आणि म्हणाले, त्या फार मोठ्या होत्या.

मागच्या वर्षी डेनिस निवृत्त झाली आणि तिच्या खुर्चीत मी बसले. नवीन लागलेल्यांना पहिल्या दिवशी साक्षीदाराच्या चौकटीबद्दल मीच सांगते, आणि खूप चांगलं सांगते. परवा एक जण म्हणाला, तुमचं ऐकून अंगावर काटा आला. ती दुरुस्तीची ओळ अजूनही त्या फोटोखाली आहे. ती बदलायला मला दोन मिनिटं लागतील, कुणाला विचारायचीही गरज नाही. आणि हे सगळं मी लिहितेय ते मराठीत. डेनिसला मराठी येत नाही. भाचीला येत नाही, रूथच्या मुलीला येत नाही. ज्यांना सांगायला हवं त्यातल्या एकीलाही हे वाचता येणार नाही, अशा भाषेत मी सगळं खरं खरं सांगतेय. तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या पहिल्या ओळीपासून लक्षात होतं.

गेल्या महिन्यात भाचीने ते दोन खोके ऑफिसात आणून दिले. मावशी म्हणायची शुबीला द्या, असं म्हणाली.

मी एकेक फोटो काढत गेले. मिस वर्नेलनी आम्हाला नाही म्हटल्यानंतर एकटीने बसून सगळं केलं होतं. प्रत्येक फोटोच्या मागे, पेन्सिलीने, डावीकडून, पूर्ण नावं. आणि प्रत्येक नावापुढे प्रश्नचिन्ह. एकही नाव त्यातून सुटलं नव्हतं. मी आठवडाभर बसून त्या बायकांना फोन केले, फोटो दाखवले, नातवंडांना विचारलं. सगळी नावं बरोबर निघाली. त्यांच्या मुलींच्या नावांपुढची ती चिन्हं मी काढून टाकायला लावली आहेत.

दुसऱ्या खोक्याच्या तळाशी तोच फोटो होता. चार मुली, मैदानाची कडा, डावीकडून दुसरीच्या हातात बॅटन. त्यांच्याकडे तो इतकी वर्षं होता. मागे जुन्या शाईत, तरुण हाताने लिहिलेली चार नावं — जून, रूथ, ग्लोरिया, बेव्हर्ली. इथे मात्र प्रश्नचिन्ह नाही. आणि त्याखाली पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरांत, एक ओळ. तिच्याशेजारी तारीखही आहे. बसस्टॉपवर मी न उचललेला तो फोन आला त्याच आठवड्यातली.

‘शुबीला मी वेगळं सांगितलं. का?’